ऐकून घेणारी बाई

फोन वाजला तेव्हा चारुता औरंगपुऱ्यात, समुपदेशन केंद्राच्या जिन्याखाली उसाचा रस पीत उभी होती. मे महिना होता. शेजारचं गणवेशाचं दुकान दुपारपुरतं बंद होतं आणि त्याच्या शटरवरचं ऊन इतकं पांढरं होतं की तिकडं बघवत नव्हतं. नंबर अनोळखी होता. पलीकडून एका तरुण, स्वच्छ आवाजानं विचारलं, "केशव देऊळगावकरजी से बात हो सकती है?" ग्लास तिच्या ओठांपाशीच राहिला. केशव देऊळगावकर म्हणजे तिचे वडील. कोर्टातून कारकून म्हणून निवृत्त झाले आणि फार दिवस न काढता गेले. सिमकार्ड त्यांच्या नावावरचं होतं, ते तिनं तसंच वापरायला घेतलं होतं. पण त्या नंबरवर त्यांची कोणी चौकशी केल्याला आता कितीतरी वर्षं झाली होती. "वो नहीं हैं," ती म्हणाली. "मैं उनकी बेटी बोल रही हूँ." त्यावर पलीकडे कोणीच बोललं नाही. नेटवर्क गेलं असं वाटून तिनं फोन कानापासून दूर केला, पडद्याकडं पाहिलं, पुन्हा कानाला लावला. मग आवाज परत आला आणि पाठ केल्यासारखा भराभर सांगू लागला. केशवजींच्या नावाचं एक पार्सल मुंबईला अडकलं आहे, त्यात भलत्या वस्तू सापडल्या आहेत, आता लाईनवर मोठे साहेब येतील. अशा फोनविषयी चारुतानं वर्तमानपत्रात वाचलं होतं. केंद्राच्या भिंतीवर सावधगिरीची सूचना तिनंच चिकटवली होती. ती फोन ठेवणारच होती. तेवढ्यात आवाज एकदम खाली उतरला, समोर उकिडवं बसून कोणी लहान मुलाशी बोलावं तसा. "घबराइए मत, मॅडम. पहले कहीं बैठ जाइए. पीछे दीवार हो तो पीठ टिका लीजिए. मैं हूँ. मैं फोन नहीं रखूँगा."

तिची पाठ आपोआप मागं गेली आणि तापलेल्या शटरला टेकली. कुर्त्यातून चटका बसला, तरी ती हलली नाही. ते वाक्य तिचं होतं. आधी बस. मागं भिंत असेल तर पाठ टेकव. मी आहे. मी फोन ठेवणार नाही. घाबरलेल्या शरीराला मागून आधार लागला की श्वास हळूहळू खाली उतरतो, हे शिकताना तिनं वाचलं होतं, मग स्वतःवर करून पाहिलं होतं, आणि तेव्हापासून केंद्रात येणाऱ्या प्रत्येक मुलामुलीला ती ते याच क्रमानं सांगत आली होती. मुलं ते विसरून जात. कोणी नुसतं बसत, कोणी नुसता श्वास घेत. एकानंच ते कवितेसारखं पाठ केलं होतं, शेवटच्या वाक्यासकट. आणि आता ऐकताना तिला वाक्याच्या आतला आवाजही ऐकू येऊ लागला, हिंदीच्या खालचा, 'र'वर जरा जास्त रेंगाळणारा. तो इंद्रजीत होता.

दोनेक वर्षांपूर्वी त्याची आई, रत्नमाला, त्याला दंडाला धरून जिना चढून आली होती. रुंद खांद्यांचा, नुकती दाढी करायला लागलेला मुलगा खुर्चीच्या कडेवर बसला होता आणि आई त्याच्या देखत बोलत होती. "म्याडम, ह्याला समदं येतं. गाडी चालवतो, कॉम्प्युटर येतो, बारावीला मार्क बी चांगले. पण फोन वाजला की संडासात जाऊन बसतो. ग्यासचा नंबर मी लावायचा, कॉलेजात मी विचारायचं, ह्याच्या दोस्ताला ह्याला ताप आलाय म्हणून मीच सांगायचं. उद्या बायकोला बी मीच फोन लावू का?" इंद्रजीतचे कान तापले होते. "आई, गप की." रत्नमाला मुकुंदवाडीत आशा सेविका होती. दारोदार हिंडून बोलणं हेच तिचं काम, आणि तिच्या पोटी हा असा. चारुतानं तिला बाहेर बसायला सांगितलं, आणि निघताना हेही सांगितलं, की तो आता सज्ञान आहे, इथं जे बोलेल ते त्याच्या मर्जीशिवाय तुम्हाला कळणार नाही. रत्नमाला हसली होती. "मला कशाला सांगता? त्यानं तुम्हाला सांगितलं तरी लई झालं." खूप वेळानं तो बोलला होता, टेबलाच्या कोपऱ्याकडं बघत. "फोनवर माणूस दिसत नाय, म्याडम. तो तिकडं तोंड कसं करून ऐकायलाय ते कळत नाय."

त्या वयाची अशी मुलं अलीकडं पुष्कळ येऊ लागली होती. मतदान करणारी, कर्जाला जामीन राहू शकणारी, आणि अनोळखी माणसाला 'हॅलो' म्हणता न येणारी. चारुतानं त्याच्याबरोबर घाई केली नाही. ती आतल्या खोलीत, तो बाहेरच्या, मध्ये दार उघडं. मग दार बंद. मग खाली रस्त्यावरून. मग अनोळखी माणसं. पहिला फोन त्यानं शहागंजातल्या ताडपत्रीच्या दुकानात लावला. विचारायचं होतं फक्त, दुकान किती वाजता बंद होतं. पलीकडचा म्हणाला, "हाँ भाई, कितने फुट निकालूँ? जल्दी बोलो, गाहक खड़े हैं," आणि इंद्रजीतच्या तोंडून निघून गेलं, "बीस." दुसऱ्या दिवशी तो खरंच जाऊन ताडपत्री घेऊन आला. चारुता हसली, तेव्हा तो गंभीरपणे म्हणाला होता, "सांगितलं होतं ना, म्याडम. तो काढून बसला असंल." रत्नमालानं कपाळाला हात लावला. "ह्याला गुण येईस्तोवर माझं घर झाकून निघंल." त्या वेळी ते सगळं गोड वाटलं होतं. आता, शटरला टेकून, तिला त्यातलं दुसरंच काही दिसलं. पलीकडच्या आवाजानं आकडा मागितला, आणि त्यानं दिला. दिला तर पाळला.

"मॅडम, आप सुन रही हैं?" आवाज म्हणाला. "सुन रही हूँ." तिनं हिंदीच ठेवली. आपण मुलगी बोलतोय असं सांगितल्यावर जी शांतता झाली होती, तिचा अर्थ तिला आता कळला. त्यानं आपल्याला पहिल्याच वाक्यात ओळखलं आहे आणि तरीही तो बोलतो आहे, कारण न बोलणं त्याच्या हातात नाही. त्याच्या मागं खूप जणांचं एकदम बोलणं चाललं होतं, शाळेच्या व्हरांड्यातून पाढे ऐकू यावेत तसं, आणि त्या गुणगुणीतून कोणाची तरी पावलं जवळ येत होती, थांबत होती, पुढं जात होती. कोणीतरी रांगांमधून फिरत होतं. नोकरीचं आमिष दाखवून बाहेरदेशी नेलेली, कुंपणाच्या आत बसवून असे फोन करायला लावलेली मुलं. त्यांच्याविषयीही तिनं वाचलं होतं, चहा पिता पिता, पान उलटता उलटता. इंद्रजीत पुण्याला गेला होता. कस्टमर केअर, तो म्हणाला होता. गल्लीतल्या सांडूच्या ओळखीनं लागलं. फोनवरच्या मुलाखतीला घरी कूलरचा आवाज येतो म्हणून तिनं त्याला आतली खोली दिली होती, आणि बाहेर बसून ऐकलं होतं, तो न अडखळता बोलत होता, मध्ये एकदा चक्क हसलाही होता. बाहेर आला तेव्हा त्याचा शर्ट कोरडा होता. त्याच्या पाठीवरचा तो कोरडा शर्ट बघून तिला झालेला आनंद तिला आत्ता जसाच्या तसा आठवला, आणि तोंडातला उसाचा रस आंबट झाला. त्या दिवशी पलीकडं कोण होतं? कोणी त्याचा आवाज ऐकून मान हलवली असेल, हा चालेल म्हणाला असेल?

काहीतरी विचारायला हवं होतं. असं, की जे घाबरलेल्या बाईनं विचारलेलं वाटेल, आणि त्याला उत्तर देता येईल. नाव घेतलं तर संपलं. कुठं आहेस विचारलं तर तो मुंबई म्हणेल, त्याला तेच सांगितलेलं असणार. पावलं पुन्हा पुढं गेली. समोर रस्त्यावर एक बाई पोराच्या डोक्यावर पदर धरून चालली होती, पोराची सावली त्याच्याहून थोडीच लांब होती. "मुझे चक्कर आ रहा है," चारुता म्हणाली. "यहाँ बहुत धूप है. आपके यहाँ भी इतनी धूप है क्या?"

पलीकडे त्याचा श्वास ऐकू आला. तो आत गेला आणि आतच राहिला. मग हळू, तिच्या खोलीतल्या टेबलाच्या कोपऱ्याकडं बघून बोलायचा त्या आवाजात तो म्हणाला, "यहाँ शाम हो गई है, मॅडम."

खुर्ची सरकल्याचा आवाज आला. कोणीतरी तिसऱ्याच भाषेत एक आखूड शब्द म्हणालं. फोनवर तळवा ठेवल्यासारखं सगळं बधिर झालं आणि लाईन गेली. तिनं त्याच नंबरवर परत लावलं. असा नंबर अस्तित्वात नाही, असं एका गोड आवाजानं तिला तीन भाषांत सांगितलं.

क्रांती चौकात सिग्नलला मुकुंदवाडीकडं निघालेली शेअर रिक्षा थांबली तेव्हा ऊन अजून तिच्या मांडीवर पडलेलं होतं. ती त्याच्याकडं बघत राहिली. पृथ्वी फिरते आहे, पूर्वेला आधी अंधार पडतो, इतकी साधी गोष्ट, पाचवीतल्या मुलाला कळेल अशी. आणि त्यानं ती तिच्या हातात ठेवली होती. की ठेवली नव्हती? की नुसता थकलेला माणूस खिडकीकडं बघून बोलून गेला होता, आणि आपणच त्याला निरोप समजून बसलो? तिला तो आतच राहिलेला श्वास आठवत होता. श्वास खोटा नसतो, असं ती मुलांना सांगे. आता तिला कशाचीच खात्री वाटेना. पोलिसांत जायचं तर काय सांगायचं? एका मुलानं मला फसवायला फोन केला, त्याचं नाव मला माहीत आहे, घर माहीत आहे. पहिल्या ओळीतच तो आरोपी. न जावं तर तो कुठं आहे हे जगात कोणालाच माहीत नाही. आईनं तक्रार दिली तर मात्र तो हरवलेला मुलगा ठरेल. आईला सांगायलाच हवं होतं. मर्जीशिवाय नाही, असं तिनं कबूल केलं होतं; पण मर्जी विचारायला आता तो नंबर अस्तित्वात नव्हता. शेजारी बसलेला एक विद्यार्थी फोनवर बोलत होता, "नाय रे, आलो आलो, पाच मिनिटं," आणि रिक्षा जागची हललेली नव्हती. किती सहज खोटं बोलतात सगळे, तिच्या मनात आलं. खुर्ची सरकल्याचा आवाज तिच्या कानातून जाईना. ती सरकली होती की कोणी ओढली होती? माणूस आपण होऊन उठला तर खुर्ची एकदाच वाजते. ती दोनदा वाजली होती. असं तिला वाटलं. मग वाटलं, एकदाच. मग तिनं स्वतःला बजावलं की तू आता ऐकलेल्यात भर घालते आहेस. पण तो आखूड शब्द तरी तिनं ऐकला होता. आणि तो आपल्या प्रश्नामुळं आला होता. त्यानं उत्तर द्यावं म्हणून आपण प्रश्न विचारला, आणि समोरच्यानं विचारलं की इंद्रजीत उत्तर देतोच.

रत्नमाला दाराशी गवारीच्या शेंगा मोडत बसली होती. "जयभीम, म्याडम! या, या. काय उन्हाचं आलात?" तिनं कूलरचं तोंड चारुताकडं वळवलं, तांब्याभर पाणी दिलं. लेक नोकरीला लागला तेव्हा तिनं केंद्रात गुलाबजाम आणले होते, शिपायापासून सगळ्यांना स्वतःच्या हातानं वाढले होते. चारुता पाणी प्यायली. कसं बोलायचं हे तिनं रिक्षात ठरवलं होतं, त्यातलं काहीच आठवेना.

"रत्नमालाताई, इंद्रजीत पुण्यात नाहीये."

शेंग मोडली. दुसरी शेंग मोडली. "म्हाइतंय मला," रत्नमाला म्हणाली.

बाहेर कोणाची तरी पोरं ओरडत गेली. रत्नमाला उठली, दार लोटलं, परत येऊन बसली. "दिवाळीच्या पुढं त्यानंच चोरून फोन लावला, तवा कळलं. विमानात बसवलं तवा लई खूश होता, फोटो धाडला. तिथनं गाडीत घालून कुठं नेलं त्याचं त्यालाच म्हाईत नाय. पासपोर्ट काढून घेतला. सांडूच्या घराला कुलूप हाय तवापासून."

"आणि तुम्ही कुणालाच... पोलिसांत आपण दोघी जाऊ. आत्ता. तुम्ही तक्रार दिली तर—"

"वाळूजच्या एका बाईनं दिली." रत्नमालाचा आवाज अजिबात चढला नाही. "तिचा पोरगा ह्याच्या बाजूलाच बसायचा. तिनं तक्रार दिली, पेपरात आलं. तिकडं समदं वाचत्यात, म्याडम. त्या पोराची जागा रिकामी हाय, असं हा म्हणला फोनवर. मग मी विचारलं नाय. तुम्ही जाणार असाल तर जा. मी येऊन सांगन, माझा पोरगा पुण्यात हाय, ह्या म्याडमना काहीतरी झालंय." तिनं टोपली बाजूला सारली आणि पहिल्यांदाच चारुताकडं सरळ पाहिलं. तिचा चेहरा एकदम मऊ झाला होता. "ते राहू द्या. आवाज कसा होता त्याचा? खोकला होता का?"

चारुता उत्तर देणार होती. आवाज चांगला होता, असं तिच्या ओठांवर आलंही. मग तिच्या लक्षात आलं की फोनविषयी तिनं अजून एक अक्षर काढलेलं नाही.

कूलर घरघरत होता. "नंबर मीच दिला," रत्नमाला म्हणाली. "त्याला ताप चढला होता, रातीच्याला काय बी बडबडत होता, तवा तुम्ही मला तुमचा सोताचा नंबर दिला होता. तो."

"का?"

"पैशे रोज मिळत नसत्यात, ते त्येंना बी म्हाईत हाय. पण बोलणं व्हायला पायजे. माणूस लाईनवर टिकला पायजे. लोक आईबहिणीवरनं शिव्या देऊन ठेवून देत्यात. दिवस भरला नाय की मग..." ते वाक्य तिनं पुरं केलं नाही. "मी आशाताई, म्याडम. अख्ख्या वस्तीचे नंबर हायेत माझ्यापाशी. म्हातारीचे, बाळंतिणीचे. एक नाय दिला. गरिबाचा कसा द्यायचा, तो खरंच भिऊन देऊन टाकायचा. मग तुम्ही ध्यानात आलात. तुम्ही शिकलेल्या, तुम्हाला कोण फसवतंय? अन् तुम्ही ऐकून घेता. मधी बोलत नाय, ठेवत नाय. मी त्याला म्हणलं, एका ऐकून घेणाऱ्या बाईचा नंबर हाय, लाव."

"माझा आहे हे त्याला माहीत होतं?"

"नाव नाय सांगितलं. लाजला असता."

चारुतानं हातातला तांब्या खाली ठेवला. राग आलाय का आपल्याला, तिनं स्वतःला विचारलं, जसं ती मुलांना विचारायला लावत असे. समोरची बाई तिच्याकडं आशेनं बघत होती. या बाईनं हिशेब चोख मांडला होता. पोरगा, त्याचा दिवस, आणि दिवस भरून काढणारी कोणी एक. हिशेबात एकच गोष्ट धरलेली नव्हती, की ऐकून घेणारी बाई मध्येच प्रश्न विचारेल.

"किती वेळ बोलला?" रत्नमालानं विचारलं.

"बराच वेळ," चारुता म्हणाली.

"मग आजचं भागलं." रत्नमालानं टोपली परत मांडीवर ओढली. तिचे खांदे खाली आले. "बराच वेळ म्हणजे चांगलं बोलला असंल. आता लई छान बोलतो ना, म्याडम? पहिलं कसा होता, आठवतंय का तुम्हाला? तोंडातनं शब्द फुटायचा नाय."

सांगायला हवं होतं. मी त्याला विचारलं, त्यानं सांगितलं, कोणीतरी ऐकलं. एवढंच. तीन छोटी वाक्यं, चारुतानं ती मनात रचली. पण ती सांगितली की या खोलीतली एक गोष्ट कायमची मोडणार होती, आणि न सांगावी तर ती आपल्या एकटीच्या आत राहणार होती, रोज, शेजारून खुर्ची सरकली की. तिनं तोंड उघडलं, आणि पर्समधला फोन वाजला.

तिनं तो बाहेर काढला, दोघींनी पडद्याकडं पाहिलं. नंबर अनोळखी होता. रत्नमाला अर्धवट उठली, तिच्या मांडीवरून शेंगा सांडल्या. "त्योच असंल. घ्या ना, म्याडम. घ्या."

चारुतानं फोन कानाला लावला.

"केशव देऊळगावकरजी से बात हो सकती है?" आवाज मुलीचा होता. बारीक, घसा बसलेला, कागदावरून वाचल्यासारखा. मागं तीच गुणगुण चालू होती. "मॅडम, आपका केस अब मेरे पास आया है. आप लाइन पर रहिए."

रत्नमालानं गुडघे टेकून तिच्या तोंडाजवळ तोंड आणलं होतं. तिचे डोळे इतके जवळ होते की त्यात चारुताला खिडकीतलं ऊन दिसत होतं. ओठांनीच, आवाज न करता, तिनं विचारलं, त्योच?

चारुतानं मान हलवली. हो.

रत्नमालानं डोळे मिटले. मग पुन्हा उघडून कुजबुजली, "जेवला का, विचारा."

पलीकडे मुलगी वाचत होती. पार्सल, मुंबई, मोठे साहेब. चारुतानं तिला एक वाक्य संपवू दिलं, त्यापुढचंही संपवू दिलं. आपला श्वास आत गेलेला तिला कळत होता, बाहेर येत नव्हता. मग ती शक्य तितक्या सावकाश म्हणाली, "बेटा, खाना खाया?"

पलीकडचं वाचन मध्येच थांबलं.